मूळ नक्षत्र आणि दुपारची गाडी

किस्से माणसाच्या नकळत साठतात. कपाटावरची जुनी ट्रंक एकदा खाली काढावी, तर एका कपड्याला धरून दहा कपडे बाहेर येतात, तसं त्यांचं आहे. गेल्या वर्षी ही, म्हणजे माझी बायको, गेली, त्या दुपारी माझा मुलगा आतल्या खोलीतून उठून आला आणि म्हणाला, "बाबा, शिट्टी कसली वाजली?" आता राहतो त्या घरापासून रूळ बारा मैल लांब आहेत.  तेव्हापासून ती ट्रंक उघडीच आहे.

*

निजामाच्या अमलात, येडशीच्या अलीकडं, छोट्या गाडीचं स्टेशन असलेल्या एका गावात मी उर्दू शाळेवर मास्तर होतो. शाळा सुटली की जोशाच्या ओसरीवर तिघं जमायचो. जोशी पत्रिका करायचा. दुसरे नबीसाब, स्टेशनमास्तर. तिसरा मी.

तिघंही धनु राशीचे! नबीसाबांची पत्रिका जोशानं त्यांच्या आईला खोदून खोदून विचारून, हौसेनं केली होती. जोशाचं नक्षत्र मूळ, माझं पूर्वाषाढा, नबीसाबांचं उत्तराषाढा.

जोशी म्हणायचा, "मूळवाला मुळापासून उपटून बोलतो. पूर्वाषाढावाल्याला हरणं माहीत न्हाय, म्हणून तो भांडत बसतो. उत्तराषाढावाला गप बसतो आन् शेवटी त्याचंच खरं होतं."

नबीसाब गप बसले!

*

धनुवाल्याच्या पोटात खरं टिकत नाही. जोशाच्या तर मुळीच नाही.

एकदा तेलाचे व्यापारी शिवप्पा पत्रिका घेऊन आले. जोशानं दोन मिनिटं बघितली आणि घडी घालून परत दिली. "शिवप्पा, हा माणूस लहानपणीच गेला."

शिवप्पा हसले. "व्हय का? मग हितं कोण बसलंय? माझीच पत्रिका हाय ती."

"मग चहा घ्या," जोशी म्हणाला.

शिवप्पा रागानं घरी गेले आणि संध्याकाळी परत आले. तोंड उतरलेलं. ती पत्रिका त्यांच्या थोरल्या भावाची निघाली. तीन वर्षांचा होऊन वारलेला. घरात त्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

 जोशानं मात्र सुस्कारा सोडला. "बरं झालं! मला वाटलं माझं गणित चुकलं!"

*

आमच्या गावात घड्याळं दोन-तीनच. त्यामुळं बायका जन्मवेळ गाडीवरनं सांगायच्या. "सकाळच्या गाडीनं शिट्टी मारली आन् पोर रडलं." मग जोशी टाइमटेबलात बघून वेळ मांडायचा. अशी सात-आठ वर्षं गेली.

एक दिवस नबीसाबांच्या हे ध्यानात आलं. ते इतके हसले, की चष्मा पडला. "जोशीबुवा, अपनी गाडी टैम पे कब आयी जी?"

जोशी पांढरा पडला. अर्ध्या गावाच्या पत्रिका चुकल्या! दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर जाऊन पत्रिका परत मागू लागला.

एक शेतकरी देईना. "अवो, पर आमच्या पोराचं तुमी लिव्हलेलं समदं तसंच झालं की! पाय मोडला, तोबी त्याच म्हैन्यात!"

"त्याचंच भ्या वाटतंय," जोशी म्हणाला.

पुढं प्रत्येक बाळंतपणानंतर तो स्टेशनवर जायचा. नबीसाबांच्या वहीत गाडी खरी कधी आली ते बघायचा आणि मगच लिहायचा.

*

मी यातलं काही मानत नसे, आणि पूर्वाषाढा असल्यामुळं तोंडानं बोलल्याशिवाय राहवत नसे. हिला दिवस गेले, तेव्हा घरात मोठ्यांदा म्हणालो, "ग्रहांना काय करायचं ते माझ्यावर करू दे. बघतो मी!"

ही भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

जोशाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मास्तर, तुझ्या राशीला धनुष्य हाय. सुटलेला बाण परत येत न्हाय. घरात जपून बोलावं."

*

ही बाळंत झाली भर दुपारी. मी घरच्या ओसरीवर होतो. शिट्टी वाजली आणि आतून रडणं ऐकू आलं. शिट्टी मी ऐकली, माझ्या आईनं ऐकली, सुईणीनंही ऐकली. मुलगा झाला होता.

जोशानं येऊन पंचांग उघडलं. "मूळ. पहिला चरण आत्ता संपतोय. पहिल्यात असलं तर बापाच्या जिवाला जड. दुसऱ्यात असलं तर आईच्या. मिनिटांचा खेळ हाय. नबीसाब येईपर्यंत पोराचं तोंड बघू नको."

नबीसाब आले. वही काखेत होती, ती त्यांनी उघडलीच नाही.

"मास्तर, आज गाडी आयीच नै. परसों से बंद है."

रझाकारांचे दिवस होते. गाड्या कधी यायच्या, कधी नाही. पण शिट्टी तर सगळ्यांनी ऐकली होती!

जोशानं टाक खाली ठेवला.

आतून हिचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. "भावजी, दुसरा चरण लिहा."

"वहिनी, असं मागून घेता येत न्हाय."

"मग तुम्ही तरी कशात बघून लिहिणार?"

 मी आत जायला उठलो, तर आईनं दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं जोशानं टाक उचलला आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मीही, पूर्वाषाढा असून, भांडलो नाही.

चंद्र पुन्हा मुळात येईपर्यंत सत्तावीस दिवस बापानं तोंड बघायचं नसतं. मी ओसरीवर जेवलो, ओसरीवर झोपलो, भिंतीपलीकडचं रडणं ऐकत राहिलो. त्या सगळ्या दिवसांत एकही गाडी आली नाही.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी मुळाची शांत, म्हणजे दोष टाळायची पूजा, झाली. बाप मूल आधी तेलात बघतो. माझ्यापुढं काशाची वाटी तेलानं भरून ठेवली. ही बाळाला घेऊन मागं उभी राहिली आणि माझ्या खांद्यावरून वाकली. तेल हललं, मग थिजल्यासारखं झालं. त्यात बाळाचं तोंड दिसलं. डोळे उघडे होते.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांब, दोनदा.

जोशानं माझ्याकडं बघितलं नाही. तो हिच्याकडं बघत होता.

अंगणात बसलेल्या नबीसाबांनी सवयीनं खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं आणि म्हणाले, "राइट टैम."