लंडनच्या स्टुडिओत म्हशींना हाक

लंडनला मी कधी नाटकात दुकानदार झालो, कधी मालिकेत डॉक्टर. एका संग्रहालयाच्या माहितीला उर्दूतून आवाजही दिला. ती उर्दू गावाकडच्या, औरंगपुऱ्यातल्या मित्रांची देणगी. पण आनंदानं नाचायचाच बाकी राहिलो, तो एका रेडिओ नाटकाच्या वेळी.

नाटकातला शेतकरी लांब चरायला गेलेल्या म्हशींना हाक मारतो. निवडीच्या वेळी माझ्या आधी दोघा नटांनी ती मारून पाहिली, पण दिग्दर्शक बाईंना काही पटेना. माझी पाळी आली तेव्हा मला पिशोरचे मामा आठवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज त्यांच्या शेजारी बांधावर उभा राहून ओरडायचो. मी छाती भरून श्वास घेतला आणि तशीच हाक दिली, "हुर्रर्र ये! ये गं बाई, ये!"

काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्यानं दचकून हेडफोन काढून टाकले. मला वाटलं, गेलं काम! तेवढ्यात बाई धावतच आत आल्या.

"हेच हवं होतं! माईकपासून चार पावलं मागं जा आणि पुन्हा ओरडा!"

मी सहा वेळा ओरडलो. दर वेळी अंगावर काटा येत होता. शेतकऱ्याची अख्खी भूमिका मला मिळाली.

बाहेर पडताच मामांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मंग म्हशी आल्या का नाय?"

"मामा, तिथं म्हशी नव्हत्याच."

"मंग इतकं कामून ओरडला रं?" म्हणत ते खो खो हसले, आणि भर रस्त्यात मीही.