ठसका अंगणात आलाच नाही

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण नुसती वाचणारी. इथले अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात हसायचं, खरं सांगते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी म्हणायची, यांची झोप होत नाही वाटतं. लिंबू-मिरची लटकवलेल्या ऑटोत बसले तर ड्रायव्हरला लेक्चर देणारी बाई मी. माहेरी तर माझ्या नावाने सांगतातच, "तिच्यापुढं देवाधर्माचं काढू नका, लई शिकल्याली हाय." त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेच आहे. पण ज्या बाईने सगळ्यात आधी आरडाओरडा केला ती पंजाबी आहे, कॅनडात राहते आणि तिला मराठीचं एक अक्षर कळत नाही. ती काही आमच्या मायला सामील नव्हती. म्हणून लिहिते.

माझं माहेर गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. स्लॅबचं साधं घर, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली पाणी तापवायची चूल. जे घडलं ते त्या चुलीपाशी. मी हिंगोलीत राहते. आमचे हे मोंढ्यात हळदीच्या आडतीवर कामाला आहेत आणि मी घरातच इंग्रजीचे क्लास घेते. परदेशात जायला इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी करून घेते. माझ्या हाताखालून कितीतरी पोरं विमानात बसली. मी अजून विमानतळसुद्धा आतून पाहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. माझा धाकटा भाऊ गजू कॅनडात आहे आणि मी त्याच्यावर जळते. थोडं वाईट वाटतं, हुरहूर लागते, असलं काही नाही. चक्क जळते. आम्ही दोघांनी ती परीक्षा नांदेडला एकाच दिवशी दिली होती. मला त्याच्यापेक्षा चांगले मार्क पडले. त्याला जे काही पडले तेही मी महिनाभर डोक्याशी बसून घोकून घेतलं म्हणून. मग घरात बैठक बसली आणि बापू, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, एकालाच धाडणं जमतंय, पोराला जाऊ द्या. कुणी वाईट हेतूने म्हणालं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आहे. माझं लग्न झालं, गजू गेला. त्याच्या बॅगेला कुलूपसुद्धा मीच लावलं.

तिकडे त्याचं कॉलेज झालं, आणि पुढे काम शोधायचं म्हटल्यावर खरे हाल सुरू झाले. एका पंजाबी काकूच्या बेसमेंटमध्ये तो आणि केरळचा एक मुलगा असे राहायचे. खिडकी छताला टेकलेली, तीही अर्धी बर्फात. दिवसा अर्ज करायचे आणि संध्याकाळी गोदामात खोकी उचलायची. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, कॅनडातला अनुभव आहे का? कामच देत नाहीत तर अनुभव कुठून आणायचा, हे तिथे कुणी सांगत नाही. शेवटच्या राउंडपर्यंत जायचा आणि बारगळायचा. एकदा तर रुजू व्हायची तारीख ठरून काम गेलं. वर्क परमिटची मुदत संपत आली होती. त्याच्या शिक्षणाला साजेसं काम मिळालं तर पुढे राहता येणार, नाहीतर बॅग भरून परत गोरेगाव.

त्याचा बायोडाटा मी लिहायची, इंटरव्ह्यूची उत्तरं मी तयार करून द्यायची. आणि तो हाल सांगायचा तेव्हाही मी जळायचीच! खोकी उचलून पाठ गेली म्हणाला, तर माझ्या डोक्यात काय, की तिकडच्या गोदामात का होईना, उचलतोय ना. लायब्ररीचं कार्ड मिळाल्याचा फोटो टाकला त्या दिवशी मी जेवले नाही. आमचे हे म्हणाले, अगं कार्डच आहे, सोन्याची चेन नाही. यांना काय कळणार...

मायने तेव्हा निदान केलं. पोराला नजर लागली. मी नेहमीप्रमाणे फिस्सकन हसले. दर शनिवारी दुपारचा क्लास संपला की मी जीपने गोरेगावला जाते आणि रविवारी परत येते. त्या शनिवारी गेले तर मायने सगळी तयारी करून ठेवलेली. खडेमीठ, मोहरी, अख्ख्या लाल मिरच्या, फड्याची, म्हणजे झाडूची, काडी. म्हटलं, त्याचा फोटो ठेवतेस का समोर? तर म्हणाली,

"फोटूला कशी नजर लागंल? जितं माणूस पायजे. लाव तुझा व्हिडिओ."

आमच्याकडे दिवेलागण म्हणजे त्यांच्याकडे सकाळ. गजू नुकताच उठला होता, मागे केरळचा पोरगा दात घासत होता. मी मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून उभा केला. माय मूठ वळून त्या मोबाईलभोवती ओवाळायला लागली. आल्यागेल्याची, बसल्याउठल्याची, घरच्याची, दारच्याची... गजूला हसू आवरेना.

"काहून हसून राहिला रे? गप बस नीट," माय म्हणाली आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

ज्यांच्या घरी दृष्ट काढतात त्यांना माहीत आहे. मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नव्हती. नाही लागला तर होती, आणि चांगलीच होती. मी ओढणी नाकाला लावून तयार होते, कारण त्याच बरणीतल्या मिरच्यांनी दुपारी फोडणी दिली तेव्हा शेजारची म्हातारी शिंकली होती. मिरच्या काळ्या पडल्या, धूर निघाला, अंगणभर पसरला. ओढणी काढली. वास नाही, ठसका नाही. नुसता धूर, गोवरीचा असतो तसा.

आणि मोबाईलमध्ये गजू खोकायला लागला.

मला वाटलं नाटक करतोय. मी म्हटलंसुद्धा, पुरे रे. पण मागचा केरळचा पोरगा तोंडात ब्रश तसाच धरून वाकला, डोळे चोळत खिडकीकडे पळाला. मग त्यांच्या छतावरचा धुराचा अलार्म वाजायला लागला. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. दार धडधडलं, घरमालकीण काकू आत आली, चुन्नी तोंडावर. आली तीच ओरडत, "मिर्ची किसने जलाई? सुबह-सुबह!" तिने शेगडी हात लावून पाहिली. गार. तवा धुऊन पालथा घातलेला. गजूने उठल्यापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. कॅमेरा तसाच चालू होता, मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या खोलीत धूर मात्र कुठेच दिसत नव्हता.

माय शांतपणे म्हणाली, "लई जबर व्हती." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढी लांबची नसती लागत. घरचीच हाय."

मी मोबाईल बंद केला.

मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. मिरच्या सादळल्या असतील म्हणून त्याच बरणीतल्या ओढणीत बांधून हिंगोलीला आणल्या आणि तव्यावर टाकल्या. आमचं सगळं घर खोकत गॅलरीत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी भांडायला आल्या. मग म्हटलं, गजूकडचा अलार्म बिघडला असेल. पण खोकणाऱ्या तीन माणसांचं काय? आणि त्या काकूला मिरचीच कशी आठवली? ... सोडून दिलं. पण "घरचीच हाय" हे काही जाईना. माय मला ओळखते. जन्म दिलाय तिने.

पुढच्या शनिवारी गजूचा फोन आधीच आला. एका कंपनीत शेवटचा इंटरव्ह्यू ठरला होता. आता हा गेला तर परमिट संपेपर्यंत दुसरा मिळण्याची आशा नव्हती. माय परत बसली. परत तेच. इकडे धूर, तिकडे ठसका. केरळच्या पोराने या वेळी आधीच मास्क लावला होता, आणि अलार्मवर टॉवेल गुंडाळून ठेवलेला असूनही तो वाजला. सगळं शांत झाल्यावर मी मोबाईल उचलणार, तेवढ्यात गजू म्हणाला, "माय, आता अक्काची काढ."

मी म्हटलं, माझी कशाला? माझ्यावर कोण जळायला बसलंय?

त्याने मोबाईल उचलून तोंडासमोर धरला.

"मी," तो म्हणाला. "तुला वाटतं तूच एकटी जळतीस का? मला कळत न्हाई व्हय? अन् मी हितं काय करून राहिलो? दर शनिवारी वाट पाहतो, तू जीपमधून उतरून घरात कवा शिरतीस. मायच्या पुढ्यात बसून गरम भाकर खातीस. तुला क्लासची पोरं मॅडम म्हणतेत. मला हितं कुणी नावानंबी हाक मारत न्हाई, नुसतं ए... आपल्या दोघांत नशीब तुझंच, असं म्हणतो मी रोज. काढ माय तिची. माझीच लागली असंल."

मला काय झालं ते सांगते, लपवत नाही. रडू आलं नाही, कीव आली नाही. बरं वाटलं. इतकं बरं मला परीक्षेच्या मार्कांनीही वाटलं नव्हतं. माझ्याकडे बघून कुणाचा तरी जीव जळतो, तेही कॅनडात बसून! मी पाटावर अशी ताठ बसले की माय म्हणाली, वाकून बस.

तिने मूठ टाकली. धूर निघाला. ठसका नाही. गजूकडे आता कुणी खोकलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोच माझा दुसरा मोबाईल वाजला. हिंगोलीहून आमचे हे. बोलताच येईना त्यांना, नुसते खोकत होते. "गॅसवर काय ठेवून गेलीस? घरात उभं राहवत न्हाई. वरच्या वहिनीबी खाली आल्यात." मी म्हटलं, गॅस बघा. म्हणाले, गॅस बंदच आहे, टाकीसुद्धा बंद आहे.

म्हणजे ज्याची दृष्ट काढावी, ठसका त्याच्या राहत्या घरात. त्याचं घर ते बेसमेंट, माझं घर हिंगोली. आम्ही दोघंही त्या अंगणातले राहिलेलो नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागला, आणि तोही बरोबर आहे की नाही कुणास ठाऊक.

गजूला ती नोकरी लागली. त्याच्या शिक्षणाचं काम, टेबल-खुर्ची, गळ्यात कार्ड. मीच लिहून दिलेली उत्तरं तिथे चालली म्हणाला. बापूंनी पेढे वाटले. मी दोन घेतले, एक तसाच पर्समध्ये राहिला. त्यानंतरचे काही शनिवार त्याने फोनच केला नाही. नवीन काम, थकतो, समजून घ्या. एका शनिवारी त्याचा व्हिडिओ आला तो अर्धा तास नुसता ऑफिसबद्दल बोलला. खिडकीतून तळं दिसतं, कॉफी फुकट आहे, वरचा साहेब त्याला नावाने हाक मारतो. मी जीपने आले का, जेवले का, काही विचारलं नाही. मायने विचारलं तेव्हा म्हणाला, व्हय, अक्का बसलीय ना मागं, दिसली.

आता सगळं सुरळीत झालंय तर शेवटची एकदा काढून टाकू, असं मायने ठरवलं होतं. त्याच व्हिडिओवर आधी त्याची काढली. मूठ निखाऱ्यांवर पडली, धूर आमच्या अंगावरून गेला आणि आम्हाला काहीच झालं नाही. तिकडे अलार्म वाजला आणि काकूचा आवाज वरून आला. माय माझ्याकडे बघून राहिली. माझ्यात काय बदललं असणार होतं? त्याला तळं दिसतंय म्हटल्यावर मी परत जळलेच होते.

मग तिने माझी काढली.

या मिरच्या फोडणीच्याच बरणीतल्या, निखारे तेच, चूल तीच. धूर निघाला आणि असा ठसका उठला की बापू घरातून उठून ओट्यावर आले, शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून शिव्या द्यायला लागली, मायला शिंकांवर शिंका. हिंगोलीला फोन केला, आमचे हे आरामात टीव्ही बघत होते. घरात काही वास नाही म्हणाले.

याला कुणाकडे उत्तर असेल तर सांगा. हवेची दिशा, मिरचीची जात, मनाचे खेळ, सगळं करून झालंय माझं.

माय खोकता खोकता खूश झाली होती. "सुटली बाय तुझी नजर. आता कुणाचीच न्हाई तुझ्यावर," म्हणाली. मोबाईलमध्ये गजू कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता, त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. माय पदराने पुसायला लागली आणि म्हणाली, मिरची लई झोंबली का? मी म्हटलं, व्हय.