इकरचा टीव्ही, तिकरचा टीव्ही

आमचं आणि भाऊजींचं घर एकाच भिंतीचं. सासऱ्यांच्या जागेवर दोघा भावांनी शेजारी शेजारी बांधलं आणि मधल्या भिंतीत एक दार ठेवलं. ते दार सासूबाईंसाठी. एक महिना त्या आमच्याकडे जेवतात, एक महिना धाकट्याकडे. महिना संपला की उशी आणि पानाचा डबा काखेत घेऊन त्या दारातून पलीकडे जातात आणि जाताना म्हणतात, "चला, बदली झाली."

बोअरवेल दोघांची, टेम्पो दोघांचा, गच्चीही दोघांची. तिथून बघितलं तर चारी बाजूंना टॉवर दिसतात आणि मध्ये आमचे वाळत घातलेले बोंबील. फक्त टीव्ही वेगळे, आणि टीव्हीतलं ॲपही वेगळं. आमच्याकडे एक, भाऊजींकडे दुसरं. सासूबाई त्यांना 'इकरचा' आणि 'तिकरचा' म्हणतात. इकडच्याला इकरचा, तिकडच्याला तिकरचा.

एके दिवशी माझ्या मुलाने काढलं, की एकच ॲप दोन्ही घरांत चालतं, मग एका भिंतीला दोन कशाला? एक ठेवू, एक बंद करू. ज्याचं चित्र आणि आवाज चांगला ते ठेवायचं. सगळ्यांना एकदम पटलं. आमच्या घरात इतक्या लवकर काही पटत नाही, तेव्हाच मला भीती वाटली.

भीती अशी की दुपारी सगळी कामं आवरली, सासूबाई आडव्या झाल्या, की मी आमच्या ॲपवर एक सिरीज बघत होते. कुठल्या तरी डोंगराळ देशातली होती. एका मुलीला तिच्या माहेरची माणसं घरात घेत नाहीत, अशी गोष्ट. ती माणसं परदेशी असली तरी आमच्या ॲपवर हिंदीत बोलतात. भाऊजींच्या ॲपवर असलं काही लागलं तर माणसं आपापल्या भाषेत बोलतात आणि अर्थ खाली अक्षरांत येतो. मी चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, पण ती अक्षरं थांबत नाहीत. मी निम्मं वाक्य वाचेपर्यंत ते भांडून मोकळे होतात आणि दुसरे दोघं बोलायला लागतात. आमचं ॲप बंद झालं असतं तर ती मुलगी मला मधेच सोडावी लागली असती. थोडेच भाग राहिले होते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. घरात सगळ्यांना वाटतं, हिला टीव्हीची आवड नाही. चार माणसांत काही विचारलं की मी "तुम्ही ठरवाल ते" म्हणते. हे उत्तर सगळ्यांना इतकं आवडतं की आता मला कोणी विचारतच नाही.

कोणतं ॲप चांगलं हे कोण ठरवणार, तर आई. दोघा भावांचं कुठलंही भांडण आईपाशीच मिटतं. शिवाय त्या आळीपाळीने दोन्हीकडे बसतात. आता सासूबाईंनी जन्मभर करंजा बंदरावरून मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकली. त्यांना एक पिक्चर दाखवला, जो दोन्ही ॲपवर होता. त्यात नायिका बाजारात मासळी घ्यायला जाते. नायिका, नायक, गाणी, कशाकडेच सासूबाईंनी बघितलं नाही. त्या पुढे सरकल्या आणि टोपलीकडे बघायला लागल्या.

"फसवली बाईला," त्या म्हणाल्या. "डोला बगलास? आत गेलाय. दोन दिसांची हाय ती मासली."

"आई, ती पिक्चरमधली पापलेट हाय," आमचे हे म्हणाले.

"पिक्चरमधली झाली म्हनून काय बर्फ नको लावायला?"

मग त्या दारातून पलीकडे गेल्या. तोच पिक्चर, तीच टोपली, भाऊजींच्या टीव्हीवर. मी इकडून ऐकत होते.

"ही बग. कल्ला कसा लाल हाय. ही सकालची. हिला नाय कोन फसवत."

झालं. भाऊजींनी आळीभर सांगितलं की दादाच्या ॲपवर शिळी मासळी येते. यांनी रात्री जेवताना ताटातलं पापलेट दोनदा उलटं करून बघितलं.

आवाजाचाही निकाल तिकडेच गेला. भाऊजींनी टीव्हीखाली एक लांब पट्टी बसवली आहे, आवाज मोठा करणारी. एका दुपारी त्यांच्या ॲपवर काही लागलं होतं आणि त्यात ढग गडगडले. सासूबाई पलंगावरून उठल्या त्या थेट जिन्याने गच्चीवर. मी भांडी घासत होते, तर वरून हाक आली, "अगो, सूप आन, बोंबील भिजतील." मी सूप घेऊन धावले. वर कडक ऊन. आम्ही दोघींनी सगळे बोंबील गोळा करून खाली आणले आणि मग आकाशाकडे बघितलं. जाऊबाई जिन्यात बसून हसत होती. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी तो पुरावा म्हणून धरला. "आवाज असा पायजे," म्हणाले, "का म्हातारी जिना चढली पायजे. दादाच्या ॲपवर कदी कोन उठलंय?"

खरं होतं. आमच्या ॲपवर माणसं बोलतात ती कुजबुजल्यासारखी आणि मधेच बाजा वाजतो तो छप्पर उडेल असा. दुपारी माझा अंगठा रिमोटवरून हलत नाही. बोलायला लागले की वाढव, वाजायला लागलं की कमी कर, नाहीतर सासूबाई जाग्या होतील. तरी मला ते चांगलं वाटायचं. कारण सांगता आलं नसतं.

मुलगा म्हणाला, ही परीक्षाच चुकीची आहे. "काका, तुमचा टीव्ही दुकानातून आणला तसाच आहे. दुकानात गिऱ्हाईक यावं म्हणून रंग भडक ठेवतात. पापलेट ताजं नाही, टीव्हीला लाली लावली आहे."

"आमचीच लाली डोल्यांत येते तुमच्या," भाऊजी म्हणाले. पण मुलगा म्हणाला तसं कबूल केलं, की येत्या रविवारी दोन्ही ॲप एकाच टीव्हीवर, त्यांच्याच हॉलमध्ये लावून बघायची. रंग मुलाने आधी उतरवले. सासूबाईंनी पुन्हा मासळी बघितली आणि दोन्हीकडची बघून म्हणाल्या, "आता दोनी शिल्या." त्यांचा त्या पापलेटवरचा विश्वासच उडाला.

मग मुलगा म्हणाला, खरी परीक्षा अंधारात असते. चांगलं चित्र असेल तर काळोखातही माणूस दिसतो. आधी भाऊजींचं ॲप लावलं. त्यात कोणीतरी विहिरीत उतरत होता, तो दिसला. मग आमचं लावलं. आमचं ॲप उघडलं की माझी सिरीज सगळ्यात वर येते. मला वाटायचं, ती सगळ्यांच्याच घरी वर येत असेल. मुलाने तीच दाबली आणि मागे जाऊन जाऊन एक रात्रीचा भाग शोधला.

मी स्वयंपाकघराच्या दारात कांदाभज्यांची थाळी घेऊन उभी होते. हॉलमध्ये पुरुषमाणसं बसलेली असली की मी त्या दाराच्या पुढे येत नाही. जाऊबाई थाळी आत नेते. ती तळत होती म्हणून थाळी माझ्याच हातात राहिली.

टीव्हीवर नुसता काळोख.

"ह्ये काय? पडदा टाकलाय?" भाऊजी म्हणाले.

"रात हाय," आमचे हे म्हणाले.

"रात आमच्या ॲपमदी पन होती. मानूस दिसत होता. तुमच्याकडं लाईटबिल भरलं नाय काय?"

"थांब जरा, दिसंल."

"काय दिसंल? हाय काय तिथं?"

हे पडद्याजवळ गेले, डोळे बारीक केले. त्यांना काही दिसेना. मुलगा रिमोटशी खटपट करत होता. भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "चला, मिटलं. इकरचा बंद."

"तो गोठा आहे," मी म्हणाले. "डावीकडे गवताच्या मागे तिचा भाऊ बसलाय. आत्ता कंदील लावेल."

सगळे टीव्हीकडे बघायचे सोडून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात पडद्यावर कंदील लागला आणि गवतामागून भाऊ बाहेर आला. तो कोणी बघितलाच नाही.

"वहिनी, तुमाला दिसला?" भाऊजींनी विचारलं.

"दिसला नाही. माहीत आहे."

"आई, तू हे बघतेस?" मुलगा म्हणाला. "कधी?"

"दुपारी."

"सगली?" हे म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मी दुपारी मुंबईला जाऊन येत होते.

जाऊबाई झारा घेऊन आतून आली. "ताई, मला नाही सांगितलंत ते. मी दुपारी एकटी भिंतीकडे बघत असते."

थाळी टेबलावर ठेवून आत जावं म्हटलं. पण मुलाला तेवढ्यात परीक्षा आठवली. तो म्हणाला, अंधार राहू दे, उजेडातला एखादा सीन लावतो, आणि त्याने बटण दाबून ठेवलं. चित्रं भराभर पळायला लागली. डोंगर गेला, लग्न गेलं, म्हातारा मेला तेही गेलं. मी बघितलेलं सगळं संपलं आणि एक घर आलं जे मी कधी बघितलं नव्हतं, आणि त्याच्या दारात ती मुलगी.

"पुढे नको," मी म्हणाले. "बंद कर ते. माझं बघायचं राहिलंय."

मी ओरडले म्हणतात. मला तसं वाटलं नाही. पण मुलाच्या हातून रिमोट पडला, आणि हे अर्धवट उठले होते ते खाली बसले. पडद्यावर ती मुलगी थांबून राहिली. मी पदराने डोळे झाकून घेतले, चुकून काही दिसू नये म्हणून.

सासूबाईंचा आवाज आला. "कोनाची गो ती? घरात का घेत नाय तिला?"

"मोठी गोष्ट आहे," मी पदराआडूनच म्हणाले.

"मंग सांग की. आमी काय बोटीवर चाललोय?"

मी सांगितली. आधी दारातून, मग जाऊबाईने हात धरून आणून बसवलं तेव्हा वेताच्या मोड्यावर बसून. मी अडखळले की भाऊजी "मंग?" म्हणायचे. त्यांच्याशी मी इतक्या वर्षांत एवढं बोलले नव्हते. भजी थंड झाली. गोठ्यापर्यंत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भाव असा लपून बसतो व्हय? त्याला आदी मार," आणि मग दोघा मुलांना म्हणाल्या, "इकरचा ऱ्हाऊद्या. तिकरचा बंद करा. त्या बायचं काय होतं ते बगल्याबिगर मी मरत नाय."

"आई, चित्राचं काय?" भाऊजी म्हणाले.

"चित्राला काय चाटाचंय?"

असं आमचं ॲप राहिलं. भाऊजींनी आपली आवाजाची पट्टी मोठ्या मनाने आमच्या टीव्हीला जोडून दिली. आता रोज दुपारी सासूबाई आणि जाऊबाई माझ्या दोन बाजूंना बसतात. दोघींना पहिल्यापासून बघायची आहे, म्हणून मीही पहिल्यापासून बघते. सासूबाई प्रत्येक माणूस आला की "ह्यो कोन?" विचारतात आणि तो दोनदा आला की दोनदा विचारतात. जाऊबाईला रडू लवकर येतं, मग सिरीज थांबवून पाणी आणावं लागतं. पट्टीचा आवाज इतका मोठा आहे की दारावरून जाणारी भाजीवाली आत बघते. बाजा वाजला की आता कोणी कमी करत नाही. माझे राहिलेले भाग अजून राहिलेलेच आहेत. एकटीने पुढे जाऊन बघावेत असं वाटतं, पण आता मी टीव्ही लावला की भिंतीतलं दार उघडतंच.

यांची कंटेनर यार्डात रात्रपाळी सुरू आहे. सकाळी घरी येतात तेव्हा मी बाजारात असते. परवा जेवताना भात कालवता कालवता हे म्हणाले, "माझं आईक, ती पोरगी काय त्या घरात परत जानार नाय."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

हे आमटीकडे बघत राहिले. "आपला अंदाज," म्हणाले. मग एक घास घेऊन, "पन भाव तसा वाईट नाय हां. शेवटी तो..."

मी त्यांच्या ताटात आणखी दोन डाव भात वाढला, वर आमटी घातली आणि समोर उभी राहिले, ते तोंड भरून जेवायला लागेपर्यंत.