बंगईवर घेतलेली समुद्राची परीक्षा

जहाजाच्या प्रवासाची तालीम आधी घरी घ्यावी, ही कल्पना माझी होती. घरातील अन्य कोणाचाही त्यात दोष नाही.

मी निवृत्त मुख्याध्यापक. वय एकाहत्तर. वर्ध्याला नालवाडीत आमचे घर आहे. तेथे मी, पत्नी आणि माझी थोरली बहीण आक्का असे तिघे राहतो. मुलगा प्रफुल्ल, सून अर्चना आणि नात तनुजा नागपुरात असतात. दिवाळीला आली असता तनुजाने मुंबईहून निघणाऱ्या एका जहाजाची चित्रे फोनवर दाखवली. तीन रात्री समुद्रावर. सहाही जणांनी जायचे, असे एकमताने ठरले. (मत तनुजाचे होते.)

आक्काने फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

"पोरी, समुद्राचा पल्याडचा काठ दिसत नाई म्हनतेत. खरं हाय काय?"

"खरंच नाही दिसत, आक्काआजी."

"मंग मले पाह्याचं हाय."

आक्का ब्याऐंशी वर्षांची आहे. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन ती अल्लीपूरला माहेरी परतली आणि वडिलांच्या पश्चात शेती करून तिने मला शिकवले. त्यानंतर तिने माझ्याकडे काहीही मागितलेले नाही. (मी काही दिलेलेही नाही, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.) तेव्हा ही तिची पहिली मागणी होती, आणि ती मला मान्य नव्हती. तिचे गुडघे, तिचा रक्तदाब, भोवती तीन दिवस पाणी. तिने घरी राहावे, असे माझे ठाम मत झाले.

परंतु हे तिला तोंडावर सांगणार कोण? छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी अनेकांना नापास केले. पण समोर बसवून 'तू येऊ नकोस' असे कोणालाही म्हटले नाही. ते अप्रिय काम परीक्षा करते. म्हणून मी परीक्षा ठेवली.

सूचनापत्रक स्वहस्ते लिहून मी फ्रिजवर चिकटवले. शनिवारी सायंकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत घर हे जहाज समजावे. फाटकाला कुलूप राहील, कारण समुद्रात कोणी बाहेर पडत नाही. स्वयंपाकघर बंद राहील, कारण जहाजावर प्रवासी स्वयंपाक करीत नाहीत. रविवारी सकाळी प्रत्येकाने बैठकीतील बंगईवर अर्धा तास झोके घ्यावेत, कारण जहाज हलते. जो हे सहन करू शकणार नाही तो अनुत्तीर्ण, आणि अनुत्तीर्णाने घरी थांबावे.

"बाबा, मोठं जहाज असं हलत नसते हो," प्रफुल्ल म्हणाला.

"तू समुद्र पाहिला आहेस?"

"मुंबईले पाह्यला नं. काठावरून."

"काठावरचे मत ग्राह्य धरता येणार नाही," मी म्हणालो. (मी तर काठावरूनही पाहिलेला नव्हता!)

पत्नीने सूचनापत्रक दोनदा वाचले. "जहाजावर सयपाक करत नाईत, हे समजलं. पन तिथं आयतं गरम भेटते. इथं कोन देऊन राह्यलं?"

"दशम्या करून ठेवा."

"म्हंजे जहाजावर बी मीच!"

शनिवारी सायंकाळी सहाला मी फाटकाला कुलूप लावले. रविवारी पहाटे फिरायला गेलो नाही. दूधवाला येऊन भोंगा वाजवू लागला. तनुजा भांडे घेऊन निघाली, तिला मी थांबवले. समुद्रात दूधवाला येत नाही. त्याने पाच वेळा भोंगा वाजवला, "गुरुजीऽ" म्हणून हाका मारल्या आणि तो निघून गेला. अठरा वर्षांत त्याच्या मापाविषयी एक शब्दही न ऐकता तो प्रथमच परत गेला. त्याला ते अशुभ वाटले असावे.

आठ वाजता परीक्षा सुरू झाली. पहिली परीक्षार्थी आक्का. मी घड्याळ घेऊन समोर बसलो आणि झोके देण्याचे काम तनुजाकडे दिले. पाच मिनिटांत आक्का हात वर करील, असा माझा अंदाज होता. आक्काने पाचव्या मिनिटाला कापूस मागितला आणि झोक्यावर बसून देवाच्या वाती वळायला घेतल्या.

"पोरी, हात दुखते काय वं तुहा? जरा जोरानं दे नं!"

अर्धा तास झाला. मी नियमात नसलेली पंधरा मिनिटे वाढवली. (परीक्षकाला तो अधिकार असतो, असे मी स्वतःला सांगितले.) त्या पंधरा मिनिटांत आक्काला डुलकी लागली. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तिला उठवावे लागले.

"झालं काय? बरं वाटत होतं," ती म्हणाली.

नंतर पत्नी बसली आणि दहा मिनिटांनी "मी पास" असे स्वतःच जाहीर करून उतरली. बाकीचे तिघेही कुरकुर न करता उत्तीर्ण झाले. शेवटी मी बसलो. परीक्षकाने आदर्श घालून द्यावा, एवढाच माझा हेतू होता.

सातव्या मिनिटाला भिंतीवरचे कॅलेंडर सरकू लागले. नवव्या मिनिटाला सर्व पूर्वजांच्या तसबिरी माझ्याकडे येऊन परत गेल्या. अकराव्या मिनिटाला मी, बंगई थांबलेली नसताना, उतरलो.

"आक्का, मले कसंतरी होऊन राह्यलं वं." (अशा वेळी प्रमाण भाषा टिकत नाही.)

पुढची व्यवस्था आक्कानेच केली. मला जमिनीवर चटईवर उताणे निजवले. कपाळापासून डोळ्यांपर्यंत ओला पांढरा पंचा टाकला. नाकाशी फोडलेला कांदा धरला आणि ती माझ्या उशाशी बसून राहिली. हवा यावी म्हणून प्रफुल्लने रस्त्याकडची खिडकी उघडली. अर्चना ओढणी तोंडाशी गच्च धरून कोपऱ्यात उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. परंतु हे घरातल्यांनाच ठाऊक!

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या निर्मलाबाई, दूधवाल्याचे बोलणे ऐकून, कुंपणाशी आल्या. त्यांना खिडकीतून दिसले ते असे : गुरुजी जमिनीवर, तोंडावर पांढरे वस्त्र, उशाशी बहीण, कोपऱ्यात सून हुंदके देते आहे, चूल थंड. त्यांनी काही विचारले नाही. अशा प्रसंगी आमच्याकडे विचारत नाहीत. घरी जाऊन पीठ मळतात. ज्या घरी मृत्यू होतो तेथे त्या दिवशी चूल पेटत नाही; शेजारी भाकरी आणि बेसन नेऊन देतात. तिला कडू भाकर म्हणतात.

मला झोप लागली होती. आक्का उशाशी बसल्या बसल्या पेंगली आणि बाकीची मंडळी मागच्या खोलीत दार लावून पत्ते खेळत बसली. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर दबलेले आवाज होते. पंचा डोळ्यांवरच होता. मी हललो नाही.

"कवा झालं म्हने?"

"काय मालूम? काल सांजेले फाटकाले कुलूप लावताना म्या सोता पाह्यलं त्याईले."

"कुलूप लावून, सुट्टीच्या दिवशी गेले, पाय बापा. मरतानाबी शिस्त!"

"कडक मानूस होता."

"पन न्यायी."

"कायचा न्यायी? मले सातवीत दोनदा बसवलं!" हा आवाज माझा माजी विद्यार्थी रमेश याचा. तो आता मंडपाचा व्यवसाय करतो.

"आता तरी माफ कर लेका."

"माफच करून राह्यलो नं. सतरंज्या फुकट आनल्या."

रमेशला सातवीत मी एकदाच बसवले होते. दुसऱ्या वर्षी तो परीक्षेलाच आला नव्हता. उठून ही दुरुस्ती करणे मला अगत्याचे वाटले. मी पंचा काढला, किल्ली घेतली आणि बाहेर येऊन फाटकाचे कुलूप काढले.

फाटकाबाहेर साधारण चाळीस माणसे होती. रस्त्यावर सतरंज्या अंथरलेल्या होत्या. पुढे निर्मलाबाई, हातात फडक्याने झाकलेली टोपली. कोणी ओरडले नाही. सगळे फक्त एक पाऊल मागे सरले.

"काय काम आहे?" मी विचारले.

"अवं माय!" निर्मलाबाई म्हणाल्या आणि टोपलीसकट खाली बसल्या.

"सर," रमेश चाचरत म्हणाला, "तुमी... बरे हाय नं?"

"एकदा," मी म्हणालो. "दोनदा नव्हे."

याहून अधिक खुलासा करण्यास वेळ मिळाला नाही, कारण अल्लीपूरची गाडी आली. कोणीतरी गावाकडे फोन केला होता. गाडीतून माझा पुतण्या दिनकर उतरला आणि त्यामागून पाच बायका आक्रोश करीत उतरल्या. दिनकरची पत्नी मंदा पुढे धावली, फाटक उघडून समोर जो माणूस उभा होता त्याच्या गळ्यात पडली आणि रडू लागली.

"काकाजी गेले नं होऽ! आता आमाले रागावनार कोन!"

"मी," मी म्हणालो.

ती बराच वेळ रडत राहिली. नंतर तिने मान वर केली, मला पाहिले, आणि पुन्हा रडली. दुसऱ्या खेपेचे रडणे कशासाठी होते, हे मी विचारले नाही.

इतक्या गलक्यात आक्का जागी होऊन बाहेर आली. तिने माणसे पाहिली, सतरंज्या पाहिल्या, टोपली पाहिली. तिला काही सांगावे लागले नाही. बाकीचे मात्र अवघडले होते. निर्मलाबाई टोपली पदराआड घेऊन मागे फिरू लागल्या; परंतु मर्तिकासाठी केलेली भाकर स्वतःच्या घरी परत कशी न्यावी, हाही प्रश्न होता.

"निर्मले, कोठी चालली?" आक्का म्हणाली. "कडू भाकर वापस नेत नाईत. अन् हा तं मेला बी नाई. मंग कडू कायची? बसा समदे. अर्चना, ताटं आन. चुलीवर भात टाक."

"आक्काआत्या, स्वयंपाकघर बंद आहे ना?" अर्चनाने माझ्याकडे पाहत विचारले.

"जहाज काठाले लागलं," आक्का म्हणाली.

माझ्या मृत्यूनिमित्त आणलेल्या सतरंज्यांवर पन्नासावर माणसे जेवली. मीही जेवलो. बेसन उत्तम झाले होते. तसे मी निर्मलाबाईंना सांगितलेही. त्यांनी मात्र तोंड दुसरीकडे फिरवले.

जेवताना आक्का माझ्या शेजारी होती. भाकरी कुस्करीत, माझ्याकडे न पाहता, ती हळू आवाजात म्हणाली, "वासू, मले नापास कराले येवढा खटाटोप केला काय रे? नाई म्हनला असता तं मी ऐकलं असतं."

मी पाणी मागितले.

पाणी पिऊन झाल्यावरही ती थांबून होती. रागावली असती तर मला उत्तर सुचले असते. ती फक्त थांबून होती. शेवटी मी उभा राहिलो. मेलेला माणूस भाषण करतो की काय, अशी भीती काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होती.

"निकाल असा आहे," मी म्हणालो. "परीक्षेस सहा जण बसले. पाच उत्तीर्ण. सौ. गंगूबाई, म्हणजे आमची आक्का, प्रथम क्रमांक. एक अनुत्तीर्ण. नियमानुसार अनुत्तीर्णाने घरी थांबायचे आहे. मी घरी थांबेन."

आक्काला मी 'सौ.' म्हटले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. साठ वर्षांत तिला कोणी तसे म्हटले नव्हते. तिने पदर सारखा केला आणि चूक दुरुस्त केली नाही.

"यडा झाला काय?" ती म्हणाली. "तुले एकट्याले ठेवून गेलो तं हे लोक पुन्हा भाकरी घेऊन येतीन. द्या रे याले ग्रेस."

"सर, मले नव्हता दिला तुमी!" रमेश पंगतीतून ओरडला.

"तुले कमी पडत होते चाळीस," आक्का म्हणाली. "बस खाली."

त्याच सायंकाळी तनुजा फोन घेऊन बसली. सहाही जणांची नावे भरायची होती. नावे झाली, वये झाली. मग ती एका रकान्यापाशी अडली आणि कोणाकडेच पाहीना.

"काय विचारले आहे?"

"आबाजी, यात विचारलं आहे की, प्रवासात कोणाला विशेष मदतीची गरज लागेल का?"

खोलीत कोणी हसले नाही. त्यांना ते जड गेले असावे. आक्का बंगईवर बसून पायाने झोके घेत होती. तिच्याकडे पाहिल्यावरही मला चक्कर येत होती.

"माझे नाव लिही," मी म्हणालो.

"आणि सोबत मदतीला कोण राहील?"

"माह्यं लिव्ह," आक्का म्हणाली.

तनुजाने लिहिले. मदत हवी असलेला प्रवासी : वय एकाहत्तर. सांभाळणारी व्यक्ती : वय ब्याऐंशी. हे फोनला मान्य होणार नाही, काहीतरी हरकत नक्की निघेल, अशी मला अजूनही आशा होती. तिने बटण दाबले. अर्ज त्याच क्षणी मंजूर झाला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयीची कोणतीही गोष्ट वरिष्ठांना इतक्या लवकर पटलेली नव्हती!