जळून निवडलेलं कॉलेज

आमच्या घरात कागदावरची कोरी जागा कुणाला बघवायची नाही. पलूसजवळच्या आमच्या गावात कसलाही अन्याय झाला की आप्पा, म्हणजे माझे वडील, पत्रक काढायचे. उसाच्या वजनात काटा मारला, पत्रक. अंगात आलं म्हणून एखाद्या बाईला झोडपलं, पत्रक. समास जरा मोठा सोडला तर म्हणायचे, "इथं अजून एक मागणी बसली असती." मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. दहावीनंतर ती मीच लिहू लागले, कॉम्प्युटरवर मांडूही लागले. कुठला मथळा किती जाड, कुठलं अक्षर कुठे, यात माझी दुपार सरायची. हा वेळ मी लेखनाच्या नावावर खपवायचे. सजावट म्हणजे बाजाराची चाकरी, असं आमच्या घराचं मत होतं आणि मीही ते तावातावाने मांडायचे.

बारावीनंतर मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. साताऱ्याचं कॉलेज राज्यशास्त्रासाठी नावाजलेलं, सांगलीचं डिझाइनचं. दोन्ही एकत्र जमतंय का, हे मी विचारून आले. साताऱ्याच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "डिझाइन? आमच्याकडे गॅदरिंगची रांगोळी असते बघ." सांगलीचे सर म्हणाले, "इथं दिवसभर प्रॅक्टिकल. बाकीचं घरी वाच." एकच घ्यायचं होतं आणि आठवडा उरला होता. मी साताऱ्याकडे झुकले होते. तत्त्वाने तेच बरोबर होतं.

माझ्या मामेबहिणीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. ती माझ्याच वयाची, सांगलीत वाढलेली. लहानपणापासून चित्रं काढायची, म्हणून सांगलीच्या त्याच कॉलेजात डिझाइनला चाललेली. आमदार कुठल्या पक्षाचा हेही तिला सांगता यायचं नाही. मी तिला उथळ म्हणायचे, आणि ती आंघोळीला गेली की तिची वही उघडून एकेक पान बघत बसायचे.

त्या आठवड्यात ती आमच्याकडे होती. गावातून पोरींना सकाळी कॉलेजला नेणारी एसटी बंद झाली होती आणि आम्ही थांब्यावर सभा ठेवली होती. पत्रक मी लिहिलं. फेरी कुणी सुरू केली, कुणी बंद केली, किती जणींचं शिकणं थांबणार, सगळं एका पानात ठासून भरलं. मामेबहीण म्हणाली, "मी पण कायतरी काढू का?" आप्पांनी कौतुकाने तिला एक मोठा कागद दिला.

तिने त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात रस्त्याकडेला ठेवलेली एक सॅक काढली. शेजारी तीन शब्द लिहिले: गाडी येत नाही. वरचा सगळा कागद पांढरा.

"एवढंच?" मी विचारलं.

"मग काय, निबंध लिहू?"

सभेला लोक माझं पत्रक घेत होते, घडी घालत होते, खिशात टाकत होते. पोस्टरपाशी मात्र थांबत होते. डेअरीला दूध घालून परतणारे एक आजोबा किटली खाली ठेवून बघतच राहिले.

"आरं, ही तर आपल्या पोरींचीच पिशवी हाय की. कवापास्नं बंद हाय गं गाडी?"

"मला न्हाई माहीत, आजोबा," मामेबहीण हसत म्हणाली. "हिला विचारा. हिला सगळं पाठ असतंय."

तिला जराही लाज वाटली नाही. मी सांगत गेले, माणसं जमत गेली. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "आगं, मग ह्ये आदी का न्हाई सांगितलंस?"

"मावशी, तुमच्या हातात काय आहे?"

त्यांनी घडी उलगडून पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "ह्ये व्हय? लय बारीक हाय गं."

माणसं जमली, प्रश्न त्यांच्या कानावर गेला. कार्यकर्ती म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र त्या पांढऱ्या कागदाकडे बघत होते. तो तिच्या हातून फाटावा, भिजावा, असं मला वाटत होतं. संध्याकाळी आप्पांनी तो आमच्या दारावर बाहेरच्या बाजूने चिकटवला. दोन पावलं मागे जाऊन बघितला, परत एक कोपरा दाबला. माझं एकही पत्रक त्यांनी कधी असं मागे सरून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सांगितलं, सांगलीला जाणार.

"सजावट शिकायला चार वर्षं?" आप्पांनी कप खाली ठेवला.

मी भाषण सुरू केलं. न वाचलेलं सत्य हे सत्याच्या बाजूने काम करत नाही, शोषितांची बाजू देखणी असायला हवी, देखणेपणाचा मक्ता जाहिरातवाल्यांना का द्यायचा. मला अजूनही ते पटतं. पण मामेबहीण खारी बुडवता बुडवता म्हणाली, "सरळ सांग की, माझ्यावर जळतीस म्हणून येतीस."

आई हसली. आप्पा माझ्याकडे बघत राहिले.

"हो, जळते," मी म्हणाले.

"आणि राज्यशास्त्र?" आप्पांनी विचारलं.

"ते मी तुमच्याशी भांडत घरीही शिकेन. हिला जे येतं ते मला घरात कुणी शिकवणार नाही."

आप्पा उठले आणि सांगलीच्या कॉलेजात कोणकोणते दाखले लागतात ते विचारू लागले.

"जळणार असलीस तर माझ्या शेजारी बसू नकोस हं," मामेबहीण म्हणाली.

"शेजारी नाही, तुझ्या मागे बसणार," मी म्हणाले. "खांद्यावरून तुझा हात दिसला पाहिजे मला."