पाठपोट लिहिलेला कागद

ही गोष्ट मी इतकी वर्षे टाळली. साक्षरता वर्गाच्या आठवणी निघाल्या की मी त्या गावाचे, ओट्याचे, तिथल्या चहाचे सांगत असे आणि अक्कांपाशी आलो की विषय बदलत असे. बायकोला वाटे, मला विसर पडतो. आता अक्का नाहीत. मी धुळ्यात, देवपुरातल्या घरात दिवसभर रिकामा असतो. जे झाले ते लिहून ठेवतो.

अक्का दाराच्या चौकटीला पाठ लावून बसत. वर्गातल्या बाकीच्या बाया ओट्यावर ऐसपैस. अक्का अर्ध्या घरात, अर्ध्या वर्गात. आतून त्यांचे सासरे, आबा, खाकरले की उठून पाणी देऊन येत आणि जिथे सुटले होते त्या अक्षरावर पुन्हा बोट ठेवत. दुपारची भांडी पालथी पडली की वर्ग भरे, तोही त्यांच्याच ओट्यावर, कारण आबांनी मला सांगितले होते, सून शिकेल, पण ओटा उतरणार नाही. साक्री–पिंपळनेर रस्त्याला लागून ते गाव. नव्वदच्या आगेमागे मी तिथल्या शाळेत मास्तर होतो.

अक्कांचे माहेर पिंपळनेरचे. बसने पाऊण तास. भावाच्या लग्नात आबांना मागच्या पंगतीत बसवले, एवढ्यावरून जाणे-येणे तुटले होते. त्याला अकरा वर्षे झाली होती. नवरा आबांपुढे बोलत नसे. आई तिकडे म्हातारी होत होती.

वाचायचा नाद अक्कांसारखा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. वाण्याकडून आलेली पुडी त्या आधी सोडवून वाचत, मग जिरे डब्यात. खताच्या गोणीवरचे वाचत. रोज दुपारी ओट्यासमोरून पिंपळनेरची एसटी जाई, तिची पाटी वाचत. एकदा गाडी धूळ उडवत गेली आणि अक्का तिच्या मागे बघत म्हणाल्या, "गुरुजी, आधी ती नुसती यष्टी व्हती. आते तिनावर मनं गाव लिखेल शे." बाया हसल्या. एक म्हणाली, मग आता बसा की तिच्यात. अक्काही हसल्या आणि आत पाणी द्यायला गेल्या.

वर्गाचे पुस्तक त्यांनी तीनदा वाचले. त्यात एक बाई होती, पानापानावर काही ना काही चांगले करणारी. अक्कांनी एक दिवस मला विचारले, "हाई बाई कव्हयच बसत नही का? तिनी पाठ दुखत नही?" मी म्हणालो, पुस्तक आहे ते. त्यांना ते पटले नाही.

वर्ष संपताना परीक्षा झाली. शेवटचा प्रश्न होता, वाचलेल्या पुस्तकाबद्दल आणि आपल्या आवडीच्या गोष्टींबद्दल चार ओळी लिहा. अक्कांनी कागद पाठपोट भरला. तो आज माझ्यासमोर आहे. "पुस्तक चांगलं शे. पन त्यामानी बाई कव्हयच बसत नही. पानी भरस, झाडस, पोरेसले शायमा धाडस. तिनी माय कोठे शे ते लिखेल नही." पुढे आवडीच्या गोष्टी. बशीतला चहा. ओल्या पाटीचा वास. दुपारी ओट्याचा थंड दगड तळपायाला लागतो ते. आणि अगदी खाली, जागा संपल्यावर कडेने उभे लिहिलेले: "सायेब, मनी माय पिंपळनेरले शे. आबाले सांगा, माले एकदाव भेटू द्या."

तालुक्याहून तपासणीला येणारे साहेब पेपर वाचतात, हे मीच त्यांना सांगितले होते.

तो मी पुढे दिला नाही. साहेब आबांच्याच घरी चहाला यायचे होते. आबा बिथरले असते तर ओटा गेला असता, वर्ग गेला असता. हे मी स्वतःला सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पण त्याहून खरे हे, की मला धुळ्याला बदली हवी होती. बायको-मुले इथे, मी तिथे एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवणारा. साहेबांचा चांगला शेरा मला पाहिजे होता. मी कोरा कागद घेतला आणि डाव्या हाताने अक्कांच्या नावावर चार ओळी लिहिल्या. पुस्तक मला फार आवडले. त्यातून स्वच्छतेचे महत्त्व कळले. मला घर नीटनेटके ठेवायला आवडते. मी समाधानी आहे.

साहेबांनी नेमका तोच कागद उचलला आणि ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. आबा खूश झाले. अक्का चौकटीला टेकून ऐकत होत्या. स्वतःचे नाव घेऊन कुणी दुसरेच बोलत आहे, ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग माझ्याकडे पाहिले. मी चहाची बशी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला बसल्या नाहीत. पाटी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली मला दारातून दिसली.

पुढल्या वर्षी पिंपळनेरहून कार्ड आले. घरात कुणी नव्हते. पोस्टमनच्या हातून घेऊन अक्कांनी ते स्वतःच वाचले. आई गेल्याचे. मग आबांनी जाऊ दिले. मी तोवर धुळ्याला आलो होतो. हे मला नंतर तिथल्या एका शिक्षकाने सांगितले.

निवृत्तीनंतर एकदा तो कागद खिशात घालून गेलो. आबा नव्हते. अक्का ओट्यावरच होत्या, केस पिकलेले. त्यांनी मुलांची चौकशी केली, चहा केला, मला साखर कमी लागते का, ते विचारले. मी पावसापाण्याचे बोललो, कापसाचे बोललो. हात दोनदा खिशाकडे गेला. गाडीचा आवाज आला तसा मी उठलो, घाईघाईने रस्त्यावर गेलो आणि समोर थांबलेल्या गाडीचा दांडा धरून पायरीवर चढलो.

"गुरुजी," अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "ती पिंपळनेरनी शे. तुमनी मांगून येस."

मी उतरलो. धुळ्याची गाडी आली, तीत बसलो. अक्का ओट्याच्या कडेला उभ्या राहून पाटी वाचत होत्या, मी बरोबर बसलो की नाही ते बघत. गाडी हलली तेव्हा माझ्या तोंडात ते वाक्य आले, घरून पाठ करून नेलेले: अक्का, त्या चार ओळी माझ्या होत्या, मला माफ करा. शेजारचा माणूस म्हणाला, काही म्हणालात का? मी नाही म्हटले.