एक ओरखडासुद्धा नाही

आठवडाभर तो लोकांच्या घरात फरशा बसवायचा. गुडघ्यांना रबरी पट्टे बांधून, पाणसळ लावून, एक डोळा मिटून फरशीची कड बघत बसलेला हा माणूस रविवारी दुपारी ब्रेक नसलेल्या मोटरसायकलवर बसतो, हे पुष्कळ गिऱ्हाइकांना खरं वाटत नसे. मग तो हातातली थापी खाली ठेवून त्यांना समजावून सांगे. मातीचा लंबगोल ट्रॅक. चार जण, चार फेऱ्या. गाडीला गिअर एक, ब्रेक शून्य. वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवायची, डावा पाय जमिनीवर टेकवायचा आणि वेगाची मूठ पिळतच राहायची. त्या पायातल्या बुटाला पोलादाचा तळवा असतो, नाहीतर बूट पहिल्याच रविवारी फाटेल.

"आणि थांबायचं कसं हो?" एखादी म्हातारी विचारायची.

"शर्यत संपली की आपोआप थांबतो, आजी. नाहीतर कुंपण थांबवतं."

ट्रॅकवर त्याला बोका म्हणत. कसाही पडला तरी चार पायांवर उभा राहतो, म्हणून बोका. एकदा साखळी तुटून तो कुंपणावरून पलीकडे गेला आणि नेमका गवताच्या ढिगाऱ्यावर पडला. एकदा हँडल हातात आलं आणि गाडी एकटीच पुढे निघून गेली. हे किस्से तो रंगवून सांगायचा, आणि सांगताना त्याचा मेहुणा शेजारी असला तर आणखी रंगवायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. बाजारात त्याचं शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. बोक्याच्या गाडीचं सगळं तोच बघायचा. इंजिन उघडणं, बसवणं, ट्रॅकवर नेणं, शर्यत संपली की चिखल धुणं, सगळं. शर्यतींच्या क्लबात त्याचं नाव मेकॅनिक म्हणून लागलेलं होतं, पण तो ते काम प्रेमानं करत होता. बायकोसारखंच बोकाही त्याला दादा म्हणायचा, आणि तो बोक्याला थट्टेनं जावईबापू. दादाचं बोलणं कमी, पण एका गोष्टीचा त्याला अभिमान होता. त्यानं बसवलेलं इंजिन शर्यतीत कधी बंद पडलं नव्हतं.

त्या रविवारी बोका सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या वळणावर मागचं चाक मातीच्या चाकोरीत अडकलं, आणि गाडी त्याला घोड्यासारखी उडवून मोकळी झाली. तो ट्रॅकच्या मधोमध पालथा पडला. मागून तिघं येत होते. ब्रेक कुणालाच नाही.

पहिला त्याच्या डोक्याच्या बाजूनं गेला, दुसरा पायाच्या. तिसऱ्याला वाट उरली नव्हती. त्यानं स्वतःची गाडी जमिनीवर लोटून दिली आणि तीही घसरत आली. ती थांबली तेव्हा तिचं फिरतं चाक बोक्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. हेल्मेटच्या काचेवर माती सडसडत होती. बोक्याला फक्त ते चाक दिसत होतं. ते हळूहळू मंद झालं, मग आरे सुटे सुटे दिसायला लागले, मग थांबलं.

तो उठून उभा राहिला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा गजर केला. "बोक्या, जिवावरचं शेपटावर निभावलं रे!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. तोही हसला आणि त्यानं हात हलवला. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची मान, फासळ्या, मनगटं सगळं चाचपून पाहिलं.

"एक ओरखडासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "नशीबवान आहात."

घरी आल्यावर त्यानं हा किस्सा बायकोला आणि लेकीला सांगितला. गंमत करत सांगितला. चाकाचं मात्र सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडाली, चौघं सुटले, आणि पहिलं वळण आलं तेव्हा त्याची मूठ सैल पडली. त्यानं सैल केली नव्हती. हातानंच केली. बाकीचे तिघं माती उडवत पुढे गेले. त्यानं पुन्हा मूठ पिळली, सरळ रस्त्यावर गाडी धावली, आणि पुढच्या वळणावर मूठ पुन्हा सैल पडली. शेवटचा येऊन तो आत आला, तेव्हा दादा पळतच पुढे आला होता.

"काय झालं?"

पाय तुटला असता, निदान खांदा निखळला असता, तर सांगायला काहीतरी होतं. प्लास्टर दाखवता आलं असतं. अंगावर काहीच नव्हतं. आणि आजूबाजूला सगळे बघत होते.

"इंजिननं दम सोडला," बोका म्हणाला.

ते वाक्य तोंडातून निघालं कसं, हे त्यालाही कळलं नाही. दादाचा चेहरा पडला. त्यानं गाडीवर हात ठेवला, जसा आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात.

"बघतो मी," तो म्हणाला. "घरी नेऊन बघतो."

त्या आठवड्यात दादानं दुकान लवकर बंद करून इंजिन उघडलं. प्लग बदलला, कार्बोरेटर खोलून फुंकला, तारा तपासल्या. काही सापडलं नाही. रविवारी वळणावर बोक्याची मूठ पुन्हा सुटली आणि तो पुन्हा म्हणाला, "तसंच होतंय दादा. वळणावरच दम सोडतंय." एकदा बोललेलं खोटं मागे घ्यायला जागा सापडत नव्हती, म्हणून तो त्यावर आणखी रचत गेला. कसा आवाज येतो, विचारल्यावर त्यानं आवाजही काढून दाखवला. दादा तो आवाज कान देऊन ऐकत राहिला. बोक्याला स्वतःचीच किळस आली, पण त्यानं आवाज पुरा केला.

मग एके दिवशी क्लबचा मॅनेजर गाड्या उभ्या करायच्या छपरात आला. मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याला आडून बोलणं माहीत नव्हतं.

"गाडीला दोष नाही, हात लावणाऱ्याला आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "शिलाई मशिनं आणि हे इंजिन यात फरक असतो. बोक्या, तुला दुसरा मेकॅनिक देतो. चालेल?"

दादा तिथेच हात पुसत उभा होता. बाकीचे रायडर आपापल्या गाड्यांत उगाच काहीतरी शोधायला लागले. बोक्यानं बुटाच्या पोलादी तळव्याकडे पाहिलं. एवढंच बोलायचं होतं की, नाही साहेब, दोष माझा आहे. त्यानं वाकून बुटाचा पट्टा आवळला.

"माझंच कुठेतरी चुकत असेल," दादा म्हणाला. "मला या महिन्याची मुदत द्या. नाही सापडलं तर मीच सोडतो."

बोक्याची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "दादा आज दुकानात आला होता. डोळे तपास म्हणाला. मी म्हटलं, तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तरी ऐकेना. म्हणे, सूक्ष्म फट असेल तर दिसायला हवी. शेवटी जवळच्या नंबराचा चष्मा घेऊनच गेला. आणि वहिनी सांगत होती, गिऱ्हाइकांची मशिनंही परत पाठवतोय. आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही, म्हणतो. तू त्याला काही बोललास का रे?"

"मी कशाला बोलू?"

"नाही, मी आपलं विचारलं."

त्यानं घाईघाईनं मोठा घास तोंडात कोंबला. लेकीनं पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानं ठरवलं, उद्या दुकानात जाऊन सांगायचं. तो गेला. दादा नवा चष्मा नाकावर घेऊन, इंजिनचा एक एक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडत होता. कधी नव्हे ते तो हसत वर बघून म्हणाला, "बरं झालं आलास. मला एक सुचलंय. उभं असताना इंजिन ठीक चालतं, म्हणजे दोष वळणावरच्या ताणात आहे. तो ताण मी स्वतः ऐकला पाहिजे. सरावाच्या दिवशी मी बसतो गाडीवर."

"तुम्ही? दादा, तुम्ही कधी घसरवली नाही गाडी."

"एवढी वर्षं बघतोय की."

हीच वेळ होती. दुकानात दोघंच होते. पण दादा एवढा उत्साहात होता की, आता सांगितलं तर त्या उत्साहाचं काय होईल, असा विचार बोक्यानं केला. निदान नंतर त्यानं स्वतःला तसं समजावलं. खरी गोष्ट ही की त्याला लाज वाटली. "जपून हं," एवढंच म्हणून तो निघून आला.

सरावाच्या दिवशी ट्रॅकवर पाणी मारणारा एक माणूस आणि हे दोघं, एवढेच होते. बोक्याचा कातडी पोशाख दादाला पोटावर तंग होत होता, आणि हेल्मेटच्या आत त्यानं नवा चष्माही ठेवला होता. बोक्यानंच त्याच्या मनगटाला दोरी बांधली. माणूस पडला की ही दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. बांधलेली गाठ सोडून त्यानं पुन्हा बांधली.

"तूच का घाबरतोस, जावईबापू?" दादा हेल्मेटमधून म्हणाला.

पहिली फेरी त्यानं सावकाश घातली. दुसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर मूठ पिळली. वळण आलं. कुणीही शहाणा नवखा माणूस तिथे मूठ सोडतो. पण दादाला इंजिन कुठे दम सोडतं ते ऐकायचं होतं, म्हणून त्यानं मूठ आणखी पिळली. इंजिन गर्जत राहिलं. ते ना अडखळलं, ना खोकलं. पुढचं चाक वर उचललं गेलं, आणि गाडी वळायचं सोडून सरळ कुंपणाकडे निघाली.

"दादा, सोडा! मूठ सोडा!" बोका ओरडत धावत सुटला. "इंजिनला काही झालेलं नाही! सोडा!"

कुंपणाच्या आत हवेच्या मोठ्या गाद्या लावलेल्या असतात. गाडी त्यात घुसली, उलटली, आणि दादा हवेत एक कोलांटी घेऊन मातीत बसल्यासारखा पडला. गाडी त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर आपटली. गाडी गाद्यांच्या थोडी जरी बाजूला गेली असती तर तिथे लोखंडी खांब होता.

बोका पोचला तेव्हा दादा हेल्मेट काढून बसला होता. तोंडभर माती, चष्म्याची एक काच फुटलेली. आणि तो हसत होता. लहान मुलासारखा.

"ऐकलंस? बंद नाही पडलं! शेवटपर्यंत बंद नाही पडलं!"

"लागलं का कुठे?"

"अरे, ते सोड. ऐकलंस ना तू? सलग चाललं..." आणि बोलता बोलता तो थांबला. "तू धावताना काय ओरडत होतास?"

बोका त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"ते कधीच बंद पडत नव्हतं, दादा. मीच मूठ सोडत होतो. मला भीती वाटते. त्या दिवसापासून."

पाणी मारणारा माणूस पाइप टाकून धावत आला होता. त्यानं दोघांकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून तो परत फिरला.

दादानं फुटका चष्मा काढला. त्याची काच बोटानं चाचपली.

"मला म्हणाला असतास."

"सगळे हसले असते."

"सगळे कोण? माझ्या दुकानात आलास तेव्हा कोण होतं?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं बोक्याला वाटलं. "मी माझे हात बाद समजलो होतो रे. गिऱ्हाइकाच्या मशिनला सुई बसवताना तीनदा बघत होतो."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या मातीत बसून कळलं. दादानं उठायला त्याचा हात घेतला नाही. गाडीला धरून उठला.

रविवारी छपरात सगळे जमले असताना बोक्यानं मॅनेजरला सांगितलं. फार नीट सांगता आलं नाही. एकदा तर तो पुन्हा "थोडाफार दोष इंजिनचाही" असं म्हणणार होता, पण ते गिळलं. मॅनेजर म्हणाला, "म्हणजे नाचता येईना..." आणि म्हण अर्धीच सोडून दिली. मग तो दादाकडे वळला आणि त्यानं सगळ्यांसमोर हात जोडले. ज्या रायडरनं त्या दिवशी आपली गाडी लोटून दिली होती, तो बोक्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, मलाही वाटते. मी तर सुरुवातीच्या आधी ओकतो." सगळे हसले, पण बोक्याला कुणी हसलं नाही. त्यांच्या या चांगुलपणानं बोक्याला जास्तच खाली बघावंसं वाटलं. भीतीला कुणी नावं ठेवत नव्हतं. त्याच्या खोटेपणाबद्दल कुणी बोलतच नव्हतं.

त्यानंतर तो गाडीवर बसला नाही. दादाचं इंजिन दुसऱ्या रायडरला गेलं, आणि दादाही त्याच्याबरोबर गेला. शिलाई मशिनंही पुन्हा दुकानात यायला लागली. घरी तो येत राहिला. भाचीसाठी यायचा, जेवायचा, बोक्याशी हवापाण्याचं बोलायचा. जावईबापू मात्र म्हणेनासा झाला. नावानं हाक मारायचा, आणि ती हाक बोक्याला दर वेळी टोचायची.

बायकोला सगळं कळलं तेव्हा ती भांडली नाही. दोन दिवस तिनं त्याचा डबा भरून दिला, पण दारापर्यंत आली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भित्रा असतास तरी मला चाललं असतं. माझ्या भावाला आंधळा ठरवलंस, ते नाही चाललं." आणि त्यानं ते ऐकून घेतलं, कारण त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

पुढच्या हंगामात लेकीनं हट्ट धरला म्हणून तिघं शर्यत बघायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा तो प्रेक्षकांच्या बाकावर बसला होता. खाली छपरात दादा नव्या रायडरशी बोलत होता, खांद्यावर फडकं टाकून. लेकीनं "मामा!" म्हणून जोरात हाक मारली. दादानं वर पाहिलं, भाचीला हात हलवला, बहिणीला हलवला. मग त्याची नजर बोक्यावर आली आणि थोडी थांबली. बोक्यानं हात अर्धा वर उचलला.

दादानं मान हलवली. फारशी नाही, पण हलवली. मग फीत वर उडाली, चार गाड्या सुटल्या, आणि तो आपल्या इंजिनचा आवाज ऐकायला वळला.